घड्याळाचा कापडी पट्टा : मनगट, घाम आणि फवारणी



आजची नोंद कपाशीची नाही आणि तुरीचीही नाही. मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्याची आहे. हसू नका. पट्टा असतो दीड बोटाचा, पण वर्षाचे बारा महिने, दिवसाचे चौदा तास कातडीला चिकटलेला असतो. अंगातला सदरा आपण रोज बदलतो, पट्टा कोण बदलतंय? त्यात घाम जातो, शेण-माती जाते, युरियाचं पाणी जातं आणि पंप पाठीवर असला तर औषधही जातं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोबाईलच्या जमान्यात घड्याळ कशाला, असं पोरं विचारतात. ज्याचा हात चिखलात आहे त्यानं मोबाईल काढून बघावा म्हणजे कळेल. लाईट किती वाजता आली, मोटार किती तास चालली, ठिबकचा कॉक कधी बदलायचा, पाळी कधी संपते, हे सगळं मनगटाकडं एक नजर टाकून कळतं. माझ्याकडं दोन घड्याळं आहेत. शेतात साधं सेलचं घालतो. सणावाराला वडिलांचं चावीचं एचएमटी. एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं १९६१ साली बंगळूरला घड्याळाचा कारखाना काढला होता. आपल्या वडिलांच्या पिढीत लग्नात जावयाला घड्याळ म्हणजे एचएमटी, हे तुम्हाला सांगायला नको. वडिलांचं घड्याळ रोज चावी दिली की अजून चालतंय.

तर झालं असं. दोन वर्षांपासून उन्हाळा आला की माझ्या डाव्या मनगटावर चट्टा उठायचा. खाज, लाली, मग साल जायची. गावात कोणी म्हणालं गजकर्ण, कोणी म्हणालं उष्णता. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. ती लावली की आठ दिवस बरं, नंतर पुन्हा तेच. मे महिन्यात बहिणीच्या नातीचं लग्न परळला होतं म्हणून मुंबईला गेलो. आपल्याकडं शेवगावला मे महिन्यात ऊन लागतं, पण हवा कोरडी असते, घाम निघतो आणि उडून जातो. मुंबईत घाम उडतच नाही. दोन दिवसांत मनगट नुसतं पेटलं. माझा पट्टा होता रेक्झिनचा.

ताईनं हात बघितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच परळच्या एका मोठ्या दवाखान्यात रांगेला उभं केलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या आधी घड्याळ काढायला लावलं. म्हणाल्या, "काका, चट्ट्याचा आकार बघा. पट्टा जेवढा रुंद तेवढीच पट्टी लाल आहे. आणि बक्कल जिथं टेकतं तिथं सगळ्यात जास्त. हे गजकर्ण नाही. गजकर्ण गोल गोल पसरत जातं, ते पट्ट्याचं माप घेऊन बसत नाही."

मला ते लगेच पटलं, कारण आपण शेतात हेच करतो. पानावर डाग दिसला की आधी आकार बघायचा, मग औषधाचं नाव घ्यायचं. डाग शिरांच्या मधोमध आहे का, कडेनं आहे का, खालच्या पानावर आहे का शेंड्यावर. शेजाऱ्याचं तणनाशक वाऱ्यानं आलं असेल तर बांधाकडची चार तासं जास्त वाकडी होतात आणि आत जाल तसं कमी होत जातं. रोग असा सरळ रेघ ओढून येत नाही. माणसाच्या कातडीलाही तोच नियम आहे हे मला परळला कळलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन कारणं सांगितली. एक, रेक्झिनखाली घाम कोंडतो, कातडी दिवसभर ओली राहते आणि भिजलेली कातडी घासली की सोलते. दुसरं, स्वस्त बक्कलांवर निकेल धातूचा मुलामा असतो. घामात ते निकेल सुटतं आणि काही लोकांना ते सोसत नाही. ट्यूब काही दिवसच लावा, पट्टा कायमचा बदला, कापडी घ्या आणि धुता येईल असा घ्या, एवढं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

आता कापडी पट्टा घ्यायचा म्हणजे काय घ्यायचा, हा प्रश्न. आणि त्यासाठी लालबागला आमच्या दाजींइतका जाणकार माणूस मला मिळाला नसता.

दाजी मूळचे जुन्नरकडचे. मिसरूड फुटायच्या आधी मुंबईला आले आणि गिरणीत साचेखात्यात लागले. मुंबईच्या गिरणीत मागाला साचा म्हणायचे आणि विणाईच्या खात्याला साचेखातं. दाजींनी तिथं कित्येक वर्षं काढली. मग १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. पन्नासच्या वर गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही आणि बऱ्याच लोकांना परत काम मिळालं नाही. त्यातलेच आमचे दाजी. नंतर त्यांनी पडेल ते काम केलं, पण कापड हातात आलं की अजून त्यांची बोटं आपोआप चालतात. लग्नात आहेराची साडी आली तरी आधी काठ उलटून बघतात.

मी म्हणलं, "दाजी, एक पट्टा घ्यायचाय घड्याळाला. चला जरा."

ते म्हणाले, "पाव्हणं, पट्टा म्हणजे काय, अरुंद कापडच की. चला."

आधी गिरगावात गेलो. चर्नी रोडला उतरून ठाकुरद्वारच्या बाजूला एक म्हातारे घड्याळ दुरुस्तीवाले बसतात, वडिलांचं एचएमटी त्यांना दाखवायचं होतं. त्यांच्याकडं पहिला धडा मिळाला, मापाचा. घड्याळाला दोन्ही बाजूंनी जे कान असतात, त्या दोन कानांच्या मधलं अंतर म्हणजे पट्ट्याची रुंदी. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. १८, २० आणि २२ ही नेहमीची मापं. माझं एचएमटी १८ चं निघालं आणि शेतातलं २० चं. १८ च्या कानात २० चा पट्टा दाबून बसवला तर कापड दुमडतं, कडा वर येतात आणि त्याच कडा मनगटाला घासतात. २० च्या कानात १८ चा घातला तर पट्टा डावीउजवीकडं सरकतो, पिन उघडी पडते आणि झिजते. दुकानात जायच्या आधी घरच्या पट्टीवर कानांमधलं अंतर मोजून जा. बियाणं घ्यायच्या आधी रानाचं माप घेतो तसंच आहे हे.

दुसरा धडा पिनेचा. पट्टा ज्या बारक्या काडीवर बसतो तिच्यात स्प्रिंग असते. त्या म्हाताऱ्यांनी माझी जुनी पिन काढून दाखवली, घामाच्या मिठानं गंजून अर्धी झाली होती. ते म्हणाले, "पट्टा तुटल्यानं घड्याळ कमी पडतात, पिन सुटल्यानं जास्त पडतात." नवा पट्टा घालताना दोन्ही पिना नव्या घ्या. दहा-वीस रुपयांचं काम असतं. विहिरीवर वाकून मोटारीचा पाईप धरलाय आणि घड्याळ गेलं खाली, असं नको व्हायला.

तिथून दादरला आलो. स्टेशनच्या पश्चिमेला छबिलदास गल्ली, रानडे रोड, त्या गर्दीत घड्याळांची आणि पट्ट्यांची दुकानं, फेरीवाले सगळं आहे. एका दुकानात कापडी पट्टे मागितले. त्यानं चार प्रकार पुढं टाकले आणि सगळ्यांना एकच नाव, "कॅनव्हास". दाजी हसले. एकेक उचलून उजेडात धरला, आडवा ताणला, नखानं कडा खरवडली आणि दोन मिनिटांत चार ढीग केले. त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो.

पहिला, सुती. जाड दोऱ्याचं घट्ट कापड, हाताला कोरडं आणि गरम लागतं. दुसरा, नायलॉनचा विणलेला. बाजेची नवार असते तसा, पण बारीक आणि गुळगुळीत, थोडी चमक. तिसरा, पॉलिस्टरचा, दिसायला नायलॉनसारखाच पण जरा ताठ. चौथा, रबराचे दोरे घालून विणलेला ताणला जाणारा. तो घालायला मऊ लागतो, पण दाजी म्हणाले रबर उन्हात आणि घामात लवकर मरतं, मग पट्टा सैल पडतो. तो बाजूला ठेवला.

दुकानदार म्हणत होता सुतीच आहे, दाजी म्हणत होते नाही. शेवटी ज्यांचे पैसे दिले त्या पट्ट्यांच्या टोकाचा एकेक दोरा काढून रस्त्यावर काडी लावून बघितली. सुती दोरा कागदासारखा जळतो, कागदासारखाच वास येतो आणि बोटानं चुरगळली की मऊ राखाडी राख होते. नायलॉन आणि पॉलिस्टर जळताना आक्रसतं, वितळतं आणि टोकाला टणक मणी तयार होतो. ही परीक्षा कोणालाही जमते. फक्त वितळलेल्या मण्याला लगेच हात लावू नका, चटका बसतो.

मी म्हणलं, "दाजी, आपण कापूस पिकवणारी माणसं. आपल्याला सुतीच बरा."

दाजी म्हणाले, "आधी काम सांगा, मग कापड सांगतो."

आणि चालता चालता त्यांनी साचेखात्यातली गोष्ट सांगितली. गिरणीत विणाईच्या खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवायचे, पाण्याची वाफ सोडायचे. कारण सुताचा धागा कोरडा पडला की तटातटा तुटतो आणि दमट असला की ताण सोसतो. सुताचा हा गुण वेगळाच आहे, ओलं झालं की ते कमजोर होत नाही, उलट मजबूत होतं. नायलॉन ओलं झालं की त्याची ताकद थोडी कमी होते. पण सूत पाणी सोडत नाही. नेहमीच्या दमट हवेत नुसत्या हवेतला ओलावा ओढून शंभर ग्रॅम कापसात सात-आठ ग्रॅम पाणी बसतं, नायलॉनमध्ये चारच्या आसपास आणि पॉलिस्टरमध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे सुती पट्टा घाम छान पितो, पण प्यायलेला घाम धरून ठेवतो. नायलॉन कमी पितं आणि लवकर वाळतं.

दाजी म्हणाले, "घरात बसायचं, लग्नाला जायचं, तर सुती घ्या, त्याच्यासारखं सुख नाही. दिवसात चारदा हात पाण्यात जाणार असेल तर नायलॉन घ्या. कापूस अंगाला, नायलॉन कामाला."

कापूस पिकवणाऱ्याला गिरणीत कापड विणणाऱ्यानं असं सांगावं, हे मला थोडं लागलं. पण खरं होतं.

सलग पट्ट्याचं सांगायचं राहिलं. नायलॉनचा एक प्रकार असा असतो की तो दोन तुकड्यांत नसतो, एकच लांब पट्टी दोन्ही पिनांमधून घड्याळाच्या पाठीखालून जाते. हा मूळचा लष्करातला. ब्रिटनच्या संरक्षण खात्यानं १९७३ साली त्याचं माप ठरवून दिलं, २० मिलिमीटर रुंद, करड्या रंगाचा नायलॉनचा. तिथल्या सैनिकाला तो मिळवायला जी १०९८ नावाचा फॉर्म भरावा लागायचा, म्हणून त्याला जी-टेन म्हणायचे. आता बाजारात नाटो पट्टा म्हणून मिळतो. त्याचे दोन फायदे आपल्या कामाचे आहेत. एक पिन सुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं, पडत नाही. आणि घड्याळाची धातूची पाठ कातडीला टेकत नाही, मध्ये कापड येतं. माझ्यासारख्या निकेल न सोसणाऱ्याला हे महत्त्वाचं. तोटा एकच, घड्याळ मनगटावर जरा उंच बसतं, लांब बाहीत अडकतं.

तर दादरहून एक सुती १८ चा आणि दोन नायलॉनचे सलग २० चे घेतले. लालबागला आल्यावर मसाल्याच्या गल्लीत ताईला मिरची घ्यायची होती, तिथल्या काट्यावर मी सुती पट्टा ठेवला. दुकानदार बघतच राहिला. बक्कल धरून १४ ग्रॅम भरला, म्हणजे नुसतं कापड १० ग्रॅम धरू. आता आपला हिशोब करा. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे १० ग्रॅम रुईला साधारण ३० ग्रॅम कापूस. बोंड चार-साडेचार ग्रॅमचं धरलं तर सहा-सात बोंडं. २०२४-२५ च्या हमीभावानं, लांब धाग्याचा ७५२१ रुपये क्विंटल, ह्या सहा-सात बोंडांचे शेतकऱ्याला सव्वादोन रुपये होतात. पट्ट्याचे मी २५० रुपये दिले. मधे जिनिंग आहे, सूतगिरणी आहे, विणाई, रंग, बक्कल, शिलाई, गाळा-भाडं सगळं आहे, हे मला कळतं. त्या सगळ्यांचं पोट त्यावर आहे. तरी सव्वादोन हा आकडा काही डोक्यातून गेला नाही.

दाजींना मी तो आकडा सांगितला. ते म्हणाले, "आमचंही तेच होतं पाव्हणं. दिवसभर वार मोजून कापड द्यायचो, आणि त्यातला एक वार विकत घ्यायचा म्हणलं तर पगाराकडं बघावं लागायचं."

लालबाग-परळला आता गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती आणि मॉल उभे आहेत. काही चिमण्या अजून दिसतात. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला उभारायला घेतली, तिथून हे सगळं सुरू झालं. कापसाच्या गाठी जिथं उतरायच्या त्या स्टेशनचं नाव अजून कॉटन ग्रीन आहे. आता तिथं आपल्या कापसाची गाठ उतरत नाही.

घड्याळाचा विषय निघालाय म्हणून एक गोष्ट सांगतो, ती ह्याच भागातली आहे. सरकारनं १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एकच वेळ लावली. मुंबईची आपली वेळ त्याच्या ३९ मिनिटं मागं होती. म्हणजे सूर्य तोच, पण घड्याळ ३९ मिनिटं पुढं गेलं. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी काम नाकारलं, दगडफेकसुद्धा झाली. कारण त्यांना अंधारात ३९ मिनिटं लवकर उठून भोंग्याला हजर व्हायचं होतं. पुढं कितीतरी वर्षं मुंबईत दोन वेळा चालत होत्या, एक सरकारी आणि एक मुंबईची. रात्रीच्या लाईटच्या पाळीला बॅटरी घेऊन दारं धरायला जाणाऱ्या आपल्या माणसांना हे कामगार काय म्हणत होते ते लगेच कळेल.

आता शेतातला अनुभव. जून ते ऑक्टोबर हे पट्टे मी वापरून बघितले आणि डायरीत लिहून ठेवलं.

सुती पट्टा पेरणीच्या वेळी चार दिवस घातला. कातडीला सगळ्यात चांगला तोच. खाज नाही, चिकटणं नाही. पण पावसात भिजला की सकाळचा ओला पट्टा दुपारी जेवायला बसेपर्यंत ओलाच. आठवड्यात वास यायला लागला आणि श्रावणात घरात ठेवलेल्या पट्ट्यावर बारीक काळे ठिपके आले, बुरशीचे. गरम पाण्यात साबण लावून धुतला, कडक उन्हात वाळवला, मग ठीक झाला. आता तो वडिलांच्या घड्याळाला आहे.

नायलॉनचा पट्टा धुऊन झटकला की तासाभरात घालण्यासारखा होतो. दोन असल्यामुळं एक हातात, एक दोरीवर. चार महिन्यांत चट्टा परत आला नाही. फक्त बक्कलाखाली थोडी लाली दिसली, तिथं ताईनं मुंबईतच एक जुन्या धोतराचा दुहेरी तुकडा शिवून दिला होता, तो बक्कलामागं सरकवला की काम झालं. तोही रोज बदलता येतो. नायलॉनला ऊन मात्र बाधतं. प्लॅस्टिकचं दावं उन्हात कसं कुसतं तसं हळूहळू होणार, म्हणून वाळवताना सावलीत वाळवतो.

वेल्क्रोचा पट्टा शेजाऱ्याकडं होता. त्याला बक्कल नाही म्हणून धातूचा त्रास नाही, पण त्यात कुसळं, गोखरू, कापसाचे तंतू असे अडकतात की महिन्यात पकड जाते. शेतकऱ्याच्या कामाचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फवारणी.

आपण नाकातोंडाला रुमाल बांधतो, पण औषध अंगात जायचा मोठा रस्ता कातडी आहे. हातमोजा जिथं संपतो आणि बाही जिथं सुरू होते, तिथंच मनगट असतं आणि तिथंच पट्टा असतो. नळीचं नोझल साफ करताना, टाकी ओतताना ओघळ तिथंच येतो. कापडी पट्टा घाम पितो तसंच औषधही पितो. हात आपण साबणानं धुतो, पण पट्ट्यात बसलेलं औषध संध्याकाळी घरी आल्यावरही कातडीला लागून राहतं. भाकरी मोडताना, नातवाला उचलताना ते आपल्याबरोबर असतं. घामानं भिजलेल्या, खाजवून सोललेल्या कातडीतून ते आणखी सहज आत जातं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. पट्ट्यामुळं ते झालं असं मी म्हणत नाही. पण कातडीवर राहिलेलं औषध ही किती गंभीर गोष्ट आहे, हे त्या वर्षानं आपल्याला दाखवलं.

म्हणून माझा नियम साधा आहे. फवारणीच्या दिवशी मनगट मोकळं. घड्याळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जेवणाच्या डब्याजवळ, औषधापासून लांब. मजुरांनाही तेच सांगतो. आणि दोरा, राखी, गंडा मनगटावर असेल तर तेही कापडच आहे, त्याचाही विचार करा.

कापडी पट्ट्यावर फवाऱ्याचं पातळ केलेलं औषध उडालं तर लगेच काढा, बाकीच्या कपड्यांपासून वेगळा, साबणानं दोन-तीनदा धुवा आणि आधी हात धुवा. बाटलीतलं घट्ट औषध सांडलं असेल, त्यातून डब्यावर लाल त्रिकोण असेल, तर धुवायच्या भानगडीत पडू नका. पट्टा फेकून द्या. २५० रुपयांचा जीव आहे त्याचा. चामड्याचा पट्टा असेल तर त्यातलं औषध धुऊन निघतच नाही, हे लक्षात ठेवा.

थोडक्यात लिहितो, म्हणजे बाजारात जाताना कामाला येईल.

१. कानांमधलं अंतर मोजून जा. १८, २०, २२ जे असेल तेच घ्या.

२. शेतकामाला नायलॉनचा सलग पट्टा, दोन नग. घरी आणि समारंभाला सुती.

३. पट्ट्याची कड नखानं खरवडून बघा. दोरे सुटत असतील तर नको. नायलॉनची भोकं वितळवून बंद केलेली असावीत, सुतीची भोकं शिवलेली.

४. ओल्या पांढऱ्या रुमालानं पट्टा घासून बघा. रंग उतरला तर तो रंग घामात तुमच्या कातडीवर उतरणार.

५. बक्कल स्टेनलेस स्टीलचं मागा. तरी खाज आली तर मागं सुती तुकडा लावा.

६. रंग फिक्का घ्या. मळ दिसला पाहिजे. काळ्या पट्ट्यात मळ दिसत नाही म्हणून लोक तो घेतात, पण मळ तिथंच असतो.

७. बांधताना पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. दुपारी उन्हानं हात सुजतो, सकाळचं घट्ट दुपारी रुततं.

८. मळणीयंत्र, कडबाकुट्टी, ट्रॅक्टरचा फिरता शाफ्ट, यांच्याजवळ घड्याळ काढूनच जा. नायलॉन तुटत नाही, आधी हात ओढला जातो. दाजी सांगतात, साच्यावर ते कधी घड्याळ घालून उभे राहिले नाहीत.

९. चट्टा आठ-दहा दिवसांत गेला नाही तर मेडिकलवरून ट्यूब आणत बसू नका, कातडीच्या डॉक्टरला दाखवा. आणि दाखवताना घड्याळ घालूनच जा.

यंदाच्या पहिल्या वेचणीचा मूठभर कापूस मी दाजींना पाठवलाय. त्यांनी फोनवर विचारलं, धागा किती लांब आहे. मी म्हणलं, तुम्हीच बोटानं ओढून सांगा.